सतराव्या ओळीनंतर

सखूबाईंना नवं माणूस भेटलं की त्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत नसत. मान जराशी खाली घालून त्याचं बोलणं ऐकत आणि मनातल्या मनात त्याला पास किंवा नापास करून टाकत. पास होणारे किती, तर अडुसष्ट वर्षांत एका हाताची बोटं पुरून उरावीत इतके. त्यांचा स्वतःचा मुलगा काशीराम नापास होता. न्हावा शेव्याला त्याचे दोन ट्रेलर चालतात, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर त्यानं चार मजले उभे केले, गावात चार लोक त्याला विचारतात. पण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हा बोलायला लागतो, म्हणून नापास. सून तशीच. आणि मतं मागायला येणारी मंडळी तर दारात चप्पल काढतानाच नापास होत.

ही परीक्षा त्यांनी उगाच लावलेली नव्हती. सखूबाई धवलारीण होत्या. पनवेल-उरणकडच्या आगरी लग्नात हळदीपासून माळ पडेपर्यंत प्रत्येक विधीला बायकांनी गायची गाणी असतात. त्यांना धवले म्हणायचं, आणि ते गाऊन लग्न लावणारी ती धवलारीण. आता भटजी येतात, बेंजो पार्टी येते, त्या दोघांच्या गडबडीत धवलारणीच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास उरतो. पण ज्या घरात म्हातारी माणसं शिल्लक आहेत, तिथे त्या अर्ध्या तासाशिवाय लग्न लागल्यासारखं कुणाला वाटत नाही.

धवला एकटीनं गायचा नसतो. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं तीच ओळ जशीच्या तशी झेलायची. झेलणारी ओळ परत म्हणते तेवढ्यात टाकणारी दम घेते आणि पुढची ओळ आठवते. कुठे काही लिहून ठेवलेलं नसतं. सगळा धवला त्या दोघींच्या मधे, टाकण्या-झेलण्यात असतो. झेलणारी घाईची असली तर टाकणारीला श्वास मिळत नाही, आणि ती बेसावध असली तर ओळ खाली पडते. म्हणून सखूबाई आयुष्यभर माणसांचं ऐकणं तपासत आल्या.

त्यांची झेलणारी होती आंबीबाय, त्यांची जाऊ. दोघी एका वर्षाच्या अंतरानं त्या घरात नवऱ्या म्हणून आल्या, दोघींनी एकाच मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या, आणि सासूकडून धवले उचलले तेही पाट्या वाहता वाहताच. सखूबाई पुढे, आंबीबाय मागे. मिठागर गेलं, तिथे सेक्टर झाले, पण त्यांचा क्रम बदलला नाही. मांडवात आंबीबाय नेहमी सखूबाईंच्या डाव्या हाताला बसायची.

आता एवढं वाचून कुणाला वाटेल की दोघी सख्ख्या बहिणींसारख्या राहिल्या. अजिबात नाही. मोरीच्या पाण्याचा उतार कुणाच्या अंगणातून जावा यावरून दोघींनी एकदा दीड वर्ष अबोला धरला होता. त्या दीड वर्षात चाळीसेक लग्नं लागली, आणि चाळीसच्या चाळीस लग्नांत आंबीबायनं एकही ओळ खाली पडू दिली नाही. धवला संपला की एक डावीकडून निघायची, दुसरी उजवीकडून. "झेलाया गला मागनं लागतो, कान आदी," असं आंबीबाय म्हणायची, आणि सखूबाईंना तिचं हे म्हणणं पटायचं, फक्त तिच्या तोंडावर कबूल करायला त्या कधी गेल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आंबीबायला ताप आला आणि पाचव्या दिवशी ती गेली. सखूबाईंनी लग्नं घेणं बंद केलं. लोक म्हणाले, दुःख झालंय, वर्षभरात येतील वळणावर. दुःख तर होतंच, ते काय सांगायचं. सकाळचा चहा ओतताना त्यांचा हात अजून दुसऱ्या कपाकडे जायचा. पण खरी अडचण लोकांना कळत नव्हती. झेलणारी नसेल तर धवला पुढे सरकतच नाही. सखूबाईंनी एकट्यानं म्हणून बघितलं होतं. सतरा ओळींपर्यंत गाडी नीट जायची. अठरावी ओळ काही केल्या येत नसे. त्या ओळीच्या आधी आंबीबाय जो एक लांब हेल काढायची, त्या हेलाच्या शेपटीला धरूनच ती ओळ आजवर वर येत असावी. हेल नाही, तर ओळ नाही. आणि अठराव्यापासून पुढच्या सगळ्या तिच्यामागे अडकलेल्या.

हे सगळं त्यांनी मनात ठेवलं असतं आणि कुणाचं काही अडलं नसतं. पण यंदा पौषाआधी त्यांच्या नातीचं, काशीरामच्या अंकिताचं लग्न ठरलं. वैशाखातली तारीख निघाली. अंकिता सात वर्षांची असताना सखूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली होती, "आजी, माझ्या लग्नात तूच गायचं हं," आणि सखूबाईंनी हो म्हटलं होतं. सात वर्षांच्या पोरीला दिलेला शब्द लोक विसरतात. सखूबाई विसरल्या नव्हत्या.

अंकिता आता सव्वीस वर्षांची होती आणि समजूतदार होती. तिनं एकदाच विचारलं आणि आजीचा चेहरा बघून विषय बदलला. त्या विषय बदलण्यानं सखूबाईंना जास्त लागलं.

मग त्यांनी झेलणारी शोधायला घेतली. नवरीनं आपल्याच लग्नात झेलायचं नसतं, म्हणजे अंकिता बाद. सुनेला बसवलं, तिचा गळा गोड, पण सखूबाईंची ओळ शेवटाला पोचायच्या आत ती झेलायला धावायची. शेजारची बाई ओळ पूर्ण ऐकायची आणि अर्धीच परत द्यायची. तिसरी एक आली, तिनं प्रत्येक ओळीच्या टोकाला बेंजोवरचा झटका लावला. सखूबाईंनी तिला चहा पाजून घरी पाठवलं. मांडवाचं ठरलं, हळदीच्या जेवणाचं ठरलं, काशीरामनं बेंजो पार्टी सांगितली. धवल्याचं काय, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही आईला विचारलं नाही.

यात आता इरा कशी आली ते सांगायला हवं. इरा ही अंकिताची कॉलेजातली मैत्रीण, नवीन पनवेलची. नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी कानाला मोठाले हेडफोन लावून खाडीच्या चिखलात मायक्रोफोन पुरून बसायची. चिखलातून बुडबुडे कसे येतात, बंदरात कंटेनर कंटेनरवर कसा बसतो, ट्रेलर मागे घेताना कसा टूं टूं करतो, हे सगळं ती गोळा करायची आणि संगणकावर त्याचं संगीत करायची. काशीराम म्हणायचा, टूं टूं ऐकायला पैसे पडत असतील तर माझ्याकडे फुकट या. सखूबाईंनी मात्र इराला काठावर पास केलं होतं. पोरगी ऐकते चांगलं, पण विचारत काही नाही, असा त्यांचा शेरा होता.

आंबीबाय गेल्यावर चारेक महिन्यांनी इरा घरी आली आणि म्हणाली, आजी, एक धवला रेकॉर्ड करू का. सखूबाई का कोण जाणे, हो म्हणाल्या. गच्चीवर खुर्ची टाकली. समोर खाडी, मागे पाण्याची टाकी. सखूबाईंनी पहिली ओळ टाकली आणि सवयीनं मान डावीकडे वळवून थांबल्या, झेलायला लागते तेवढा वेळ. मग दुसरी ओळ. मग पुन्हा तेवढाच वेळ. अशा सतरा ओळी झाल्या. सतराव्यानंतर त्या बराच वेळ थांबल्या. अठरावी आली नाही.

"झाला," त्या म्हणाल्या.

इरानं मशीन बंद केलं. तिचे डोळे भरून आले होते. "काय सुंदर संपवलंत, आजी," ती म्हणाली. आता या पोरीला काय सांगायचं, असं सखूबाईंना वाटलं, आणि त्या चहा टाकायला खाली गेल्या.

त्या सतरा ओळींवर इरानं एक्केचाळीस मिनिटांचा अल्बम केला. नाव ठेवलं 'खाजण', म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती खाडीकाठची खारी जमीन. दिवाळीच्या सुमाराला तो इंटरनेटवर आला आणि अशा संगीताच्या छोट्याशा जगात त्याचा बराच बोलबाला झाला. कुणी लिहिलं की मराठीत असं काही झालंच नव्हतं. कुणी त्या रिकाम्या जागांवर लेख लिहिला. अंकितानं आजीला मोबाइलवर ऐकवला. इरानं आवाज ताणून, जड करून घेतला होता. सखूबाईंनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "मना विहिरीत टाकलाय हिनं." पण दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. ओळ संपली की त्या डोळे मिटून घेत. अंकिताला वाटायचं, आजीला डुलकी लागते.

मग अल्बमवर उलटं मत आलं. कादंबरी नावाच्या एका बाईनं आपल्या यूट्यूब चॅनेलवर अर्धा तास बोलून सांगितलं की 'खाजण'चं कौतुक अवास्तव आहे. कादंबरी द्रोणागिरीला मालवाहतुकीच्या कंपनीत कागदपत्रं बघायची आणि रविवारी संगीतावर बोलायची. ऐकणारे शेदोनशे, पण तिखट. दोन्ही बाजूंची भांडणं खाली प्रतिक्रियांमध्ये इतकी वाढली की पनवेलच्या दीनानाथरावांना राहवलं नाही. ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर गाणं ऐकायला माणसं जमवायचे. माघातल्या रविवारी त्यांनी चर्चा ठेवली: 'खाजण: नवी वाट की नुसता गाजावाजा?' सखूबाईंना खास आमंत्रण होतं. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि अंकिताला बरोबर घेऊन गेल्या.

सभागृहात पन्नास-साठ माणसं होती. पहिल्या रांगेत सखूबाईंना बसवलं. त्यांच्या उजवीकडे अंकिता. डावीकडच्या खुर्चीवर त्यांनी आपली कापडी पिशवी ठेवली. कुणी तिथे बसायला आलं तर त्या नुसतं बघत, आणि येणारा पुढे सरकत असे.

नव्या वाटेची बाजू मांडायला पुण्याहून सत्यजीत आला होता. तो अशा संगीताचे कार्यक्रम भरवायचा. त्याचे हात त्याच्या आधी बोलायला लागत.

"आजवर आपण काय करत आलो?" तो म्हणाला. "एक जुना आवाज घ्यायचा, खाली ठेका टाकायचा, झालं फ्यूजन. इरानं ठेकाच काढून टाकला. ती एक ओळ ठेवते आणि तितकीच लांब रिकामी जागा ठेवते. त्या जागेत टाकीची घरघर येते, बंदर येतं, कावळा येतो. गाणं थांबतं तेव्हा गाव गायला लागतं. आणि शेवट. सतराव्या ओळीनंतर ती सरळ थांबते. असा शेवट करायला छाती लागते. माझ्या मते इथून पुढे लोकसंगीताकडे आपण वेगळ्या कानानं बघणार आहोत."

कानानं बघणार म्हटल्यावर मागे कुणीतरी हसलं, पण टाळ्या भरपूर पडल्या. सखूबाईंनी त्याला नापास केलं होतं. मधे दीनानाथरावांनी काही विचारलं तेव्हा त्यानं प्रश्न अर्ध्यावर तोडून उत्तर सुरू केलं होतं.

मग कादंबरी उठली. चाळिशीच्या आतबाहेरची, केस घट्ट बांधलेली, बोलायच्या आधी जरा थांबणारी.

"मी हा अल्बम चाळीसेक वेळा ऐकला," ती म्हणाली. "ऑफिसला जाताना, येताना. आवडून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न केला. बंदराचे आवाज सुरेख धरलेत, ते मान्य. पण त्या रिकाम्या जागांना सगळे शांतता म्हणतायत आणि मला त्या शांत वाटत नाहीत. दर वेळी असं वाटतं, की कुणीतरी काहीतरी पुढे केलंय आणि घ्यायला समोर कुणी नाहीये. मला त्रास होतो त्याचा. आणि शेवट तर मला शेवटच वाटत नाही. बाई गाता गाता थांबल्यात. आपण त्यावर टाळ्या वाजवतोय. सॉरी इरा, पण हा गाजावाजा आहे."

दुसऱ्या रांगेत बसलेली इरा खाली बघत होती. सखूबाईंनी मात्र मान वर केली आणि त्या दिवशी पहिल्यांदा बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं.

दीनानाथरावांनी प्रसंग सावरायला माइक घेतला. "सखूबाई, ज्यांच्या आवाजावरून हे सगळं चाललंय त्या आपण. आपल्याला काय वाटतं?"

सखूबाई बसल्या जागेवरूनच बोलल्या. माइकची त्यांना गरज नव्हती.

"ही बाय खरं बोलते. गाना अर्धा हाय."

सत्यजीत काहीतरी म्हणायला पुढे झाला.

"बाला, तू जरा बस," सखूबाई म्हणाल्या, आणि तो बसला. "धवला दोघींचा असतो. मी टाकते, माजी जाव झेलते. आंबी तिचं नाव. ती गेली. या पोरीनं मशीन आनली तवा आंबी नव्हती, पन माजी सवय कुटं जाते? मी ओल टाकली न् थांबले. ती झेलंल म्हनून थांबले. सतरा येला थांबले. तेच्यापुढं मना आठवलाच नाय, म्हनून गप बसले. शेवट बिवट काय नाय तो."

सत्यजीतला राहवेना. "पण आजी, मग तर हे आणखीच मोठं आहे," तो म्हणाला. सखूबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं हात मांडीखाली घेतले.

इरा उठून त्यांच्या समोर येऊन जमिनीवर बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आजी, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलास का?"

इरा म्हणाली, "मी त्या जागा काढून टाकते. आजच काढते. सगळ्या ओळी जोडून घेते."

"नको," सखूबाई पटकन म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा हलला. "ती जागा आंबीची हाय. मी रोज दुपारी आयकते ती काय माज्यासाटी? माजा गला मना ठावं हाय. ती जागा आली ना, मना वाटतं बसलीय बाजूला. तू तिला हात लावू नको. पन मना यवढं सांग, वैशाखात नातीचं लगीन हाय, तवा झेलनारी मी कुटून आनू? मशीन झेलंल?"

अंकितानं आजीचा हात धरला. आजीनं दुपारचं काय ऐकलं होतं हे तिला आता कळत होतं, आणि लग्नाचा विषय आपण किती सहज बदलला होता हेही आठवत होतं. तिला रडू आवरेना. दीनानाथराव घसा खाकरत राहिले. आधीच ठरल्याप्रमाणे अल्बममधला एक तुकडा ऐकवायचा होता. दुसरं काय करावं ते न सुचून त्यांनी तो लावायला सांगितला.

ताणलेला, खोल गेलेला सखूबाईंचा आवाज सभागृहात भरला.

*खारीचे वाटंनं आयली गो वरमाय…*

ओळ संपली. टाकी घरघरायला लागली. पन्नास-साठ माणसं आता त्या जागेत आंबीबायला शोधत होती, आणि जो तो आपापल्या पायाच्या बोटांकडे बघत होता. सखूबाई तेवढ्या समोर बघत होत्या. समोर बोलायच्या टेबलाशी कादंबरी उभी होती. तिचं लक्ष खिडकीबाहेर होतं आणि तिचे ओठ हलत होते.

चाळीस वर्षं सखूबाईंनी झेलणारीचे ओठ बघितले होते. त्यांना चूक होणं शक्य नव्हतं. दुसरी ओळ आली, दुसरी रिकामी जागा आली, आणि कादंबरीचे ओठ पुन्हा हलले. ओळ पूर्ण संपल्यावर, मधे एक श्वास सोडून, मग.

"बंद करा ते," सखूबाई म्हणाल्या. आवाज बंद झाला. "बाय, तू काय म्हनत होतीस?"

"मी?" कादंबरी दचकली. "काही नाही."

"म्हनत होतीस तू."

कादंबरीचा चेहरा लाल झाला. गाजावाजा म्हणून ज्याची तिनं इतकी हजेरी घेतली, ते आपण गुणगुणत होतो हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. "चाळीस वेळा ऐकलंय, आजी," ती म्हणाली. "त्या जागा सहन होत नाहीत मला. गाडी चालवताना आपोआप भरल्या जात असतील. मी गात नाही. शाळेनंतर गायलेच नाहीये."

"तुला गायाला कोन सांगतंय? झेलाया सांगते."

आणि तिला हो-नाही म्हणायला वेळ न देता सखूबाईंनी ओळ टाकली. दोन वर्षांनी, माणसांसमोर. आवाज पहिल्या शब्दाला खरखरला, मग मोकळा झाला.

*खारीचे वाटंनं आयली गो वरमाय…*

आणि त्यांनी कादंबरीकडे बघितलं. आंबीबायकडे बघायच्या तसं. त्या बघण्यात विनंती नसते, आता तुझं, एवढंच असतं.

कादंबरीनं झेललं. पण तिला ती ओळ मशीनमधूनच माहीत होती, त्यामुळे तिनं ती तशीच म्हटली: खोल, जड, एकेक अक्षर लांबवत. 'वरमाय' संपायला तिनं इतका वेळ घेतला की लोकांना हसू फुटलं. रडता रडता अंकिताही हसली. इरानं तोंडावर हात धरला.

"अशी म्हशीवानी नको," सखूबाई म्हणाल्या. "तो इराचा आवाज. माजा आयक."

त्यांनी पुन्हा टाकली. कादंबरीनं या वेळी डोळे मिटले, ओळ शेवटपर्यंत जाऊ दिली, श्वासभर थांबली आणि परत दिली. आवाज कोता होता, सूर किंचित चढा. आंबीबायची सर नव्हतीच. पण ओळ पूर्ण होती. तिच्यातला एक शब्द कमी नव्हता की जास्त नव्हता, आणि ती जिथून टाकली होती तिथेच परत आली होती.

सखूबाईंनी पुढची टाकली. तीही आली. मग पुढची. सत्यजीत काय म्हणाला, कादंबरी काय म्हणाली, हे आता कुणाच्या ध्यानात नव्हतं. 'खाजण' ही नवी वाट की गाजावाजा, याचा निकाल त्या दिवशी लागलाच नाही. कादंबरीला विचाराल तर ती आजही म्हणते की अल्बमचं कौतुक जरा जास्तच झालंय.

सोळावी झाली. सखूबाईंच्या तळहाताला घाम सुटला होता. अंकिताला तो जाणवला, पण का, ते तिला कळलं नाही. सतरावी ओळ त्यांनी टाकली.

*पायाचा चिखल धुवाया पानी द्या…*

कादंबरीनं ती झेलली. तिच्यापुढे अल्बममध्ये काहीच नव्हतं, म्हणून पुढे काय करावं ते न कळून तिनं शेवटचं अक्षर सोडलं नाही. धरून ठेवलं. तो हेल नव्हता, नुसतं गोंधळून लांबवणं होतं. पण सखूबाईंना तेवढं पुरलं. त्यांनी डोळे मिटले. घाई नव्हती. कुणीतरी त्यांच्या वाटची ओळ सांभाळून उभं होतं.

आणि त्यांच्या गळ्यातून अठरावी ओळ अशी सहज आली, जशी काही कधी गेलीच नव्हती.

*पानी देनारी आयली गो, तिला पाटावर बसवा…*

त्या स्वतःच थांबल्या. अंकिताकडे वळून म्हणाल्या, "आली गो. आली." अंकितानं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. सात वर्षांची असताना ठेवायची तसंच.

कादंबरीचा आवाज थांबला होता. "आजी, अजून किती आहेत?"

"लय हायत. तू झेलत ऱ्हा, मना आठवत जातील," सखूबाई म्हणाल्या. मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, "वैशाखात सुट्टी भेटंल ना तुला?"

"मी चालेन का पण? मी तुमच्यातली नाही."

"कान हाय ना तुला?"

कादंबरीनं मान डोलावली आणि खिशातून मोबाइल काढून तारीख विचारली. दीनानाथरावांनी घड्याळ बघितलं. सभागृहाची वेळ संपत आली होती, पण उठायला कुणी तयार नव्हतं. सखूबाईंनी डावीकडच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.